विंडोज, लिनक्स आणि मधली सामाईक जागा

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येतात, पण एका वेळी त्यांतली एकच चालते. लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर यादी येते. तिच्यातून एक निवडायची, आणि दुसरी हवी असेल तेव्हा मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे. या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती चांगली परिचयाची आहे. इतरांनाही आता तिचा विचार करावा लागतो, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचा पाठिंबा देणे थांबवले आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या लॅपटॉपांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. अशा मशीनवर इंटरनेटच्या कामासाठी लिनक्स आणि टॅलीसारख्या मोजक्या प्रोग्रामांसाठी विंडोज अशी वाटणी सोयीची पडते.

वाटणी झाली की लगेच अडचण उभी राहते ती फायलींची. विंडोजमध्ये तयार केलेली पत्रे, फोटो, हिशेब लिनक्समध्ये कसे उघडायचे आणि लिनक्समध्ये केलेला बदल विंडोजला कसा दिसायचा? दोन वेगळ्या संगणकांमध्ये नेटवर्क जोडून फायली पाठवता येतात. इथे तो मार्ग नाही, कारण एक सिस्टिम जागी असते तेव्हा दुसरी मुळात चालूच नसते. दोघींची गाठ पडण्याची जागा एकच, ती म्हणजे लॅपटॉपमधली डिस्क. सगळा प्रश्न त्या डिस्कवर कोण काय लिहितो, कशा पद्धतीने लिहितो आणि लिहून झाल्यावर नीट आवरून उठतो का, एवढ्यावर येऊन थांबतो.

डिस्कवर माहिती क्रमांक दिलेल्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साठवलेली असते. कोणती फाइल कोणत्या तुकड्यांत आहे, तिचे नाव काय, ती कधी बदलली, कोणाला ती उघडता येते, याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. डिस्कचे पार्टिशन, म्हणजे भाग, पाडता येतात आणि प्रत्येक भागावर वेगळी फाइल सिस्टिम असू शकते. विंडोजचा सी ड्राइव्ह एनटीएफएस या पद्धतीने लिहिलेला असतो. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर ती आली. उबुंटू, मिंट यांसारखे लिनक्सचे प्रचलित अवतार सहसा ईएक्सटी४ वापरतात. ती २००८ पासून लिनक्सच्या गाभ्यात स्थिरावली आहे. दोन्ही भक्कम आहेत. दोन्हींत बदल करण्याआधी त्याचे टिपण ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे वीज अचानक गेली तरी नोंदी सावरता येतात. पण त्यांची आतली रचना एकमेकींपासून अगदी वेगळी आहे.

विंडोज आणि लिनक्स यांचे संबंध बरोबरीचे नाहीत. लिनक्सला विंडोजचे पार्टिशन दिसते, उघडता येते आणि त्यावर लिहिताही येते. विंडोजला मात्र लिनक्सचे पार्टिशन वाचता येत नाही. उलट तसा भाग दिसला की विंडोज कधीकधी तो फॉरमॅट करायचा का असे विचारते, आणि नवख्याने घाईत होकार दिला तर लिनक्सवरचे सारे जाते. एनटीएफएसच्या रचनेचा पूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने खुला केलेला नसल्यामुळे लिनक्सच्या बाजूच्या प्रोग्रामरांना तो डिस्कवरच्या नोंदी तपासत, अंदाज बांधत शोधावा लागला. बराच काळ लिनक्समधून एनटीएफएस फक्त वाचावे, लिहू नये असाच सल्ला असे. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हा प्रोग्राम स्थिर रूपात आला आणि लिहिणेही भरवशाचे झाले. २०२१ मध्ये पॅरागॉन या कंपनीने दिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, ५.१५ या आवृत्तीत, सामील झाला. विंडोजच्या बाजूने असे काही घडलेले नाही. ईएक्सटी४ विंडोजमध्ये उघडून देणारे बाहेरचे प्रोग्राम मिळतात, पण ते फक्त वाचण्यापुरते वापरलेले बरे. मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएल या सोयीमार्फत लिनक्सची डिस्क जोडण्याचा मार्ग दिला आहे, पण तो पूर्ण डिस्क जोडतो, तिचा एखादा भाग नव्हे. आणि ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे ती जोडता येत नाही. बहुतेक लॅपटॉपांत एकच डिस्क असते, म्हणजे ज्यांना ही सोय हवी त्यांच्याच उपयोगाची ती नाही.

यावरून पहिला निर्णय सोपा होतो. सामाईक फायली लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवून चालणार नाही. मग विंडोजचा सी ड्राइव्हच दोघींनी वापरावा का? बरेच जण तसे करतात आणि बरेच दिवस काही बिघडतही नाही. पण सी ड्राइव्हवर विंडोज स्वतः राहते. तिथे लिनक्समधून लिहिताना चुकून एखादी सिस्टिम-फाइल हलली किंवा नोंदी बिघडल्या तर कागदपत्रांबरोबर विंडोजही बंद पडते. शिवाय पुढे कधी विंडोज पुन्हा बसवायची वेळ आली की सारा डेटा आधी हलवावा लागतो. म्हणून फायलींसाठी तिसरे, वेगळे पार्टिशन करावे. ५१२ जीबीच्या डिस्कवर विंडोज आणि तिच्या प्रोग्रामांना दीडशे जीबी, लिनक्सला साठ ते ऐंशी जीबी, आणि उरलेली सगळी जागा सामाईक भागाला, अशी विभागणी साधारण घरगुती वापराला पुरते.

डिस्कवर आधीपासून एक भाग असा असतो जो दोन्ही सिस्टिम वाचतात. तो ईएफआय पार्टिशन. मशीन सुरू करणारे छोटे प्रोग्राम त्यात असतात आणि तो फॅट३२ पद्धतीचा असतो. विंडोजने केलेला हा भाग सहसा शंभर-दोनशे एमबीचा, लपलेला. त्यात स्वतःच्या फायली ठेवण्याचा मोह टाळावा. तो भरला किंवा बिघडला तर दोन्हींपैकी एकही सिस्टिम सुरू होणार नाही.

नव्या भागासाठी जागा काढताना विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावे. कोणत्या फायली हलवता येतात आणि कोणत्या नाही हे तिला ठाऊक असते. सी ड्राइव्ह निम्मा रिकामा असूनही फार कमी जागा मोकळी होऊ शकते असे ती कधी सांगते, कारण न हलणाऱ्या काही फायली मधेच बसलेल्या असतात. हायबरनेशन आणि व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद करून पाहिले की बरेचदा वाट मोकळी होते. लिनक्सचा भाग मात्र लिनक्समधल्या जीपार्टेडसारख्या साधनाने हाताळावा. दोन्ही बाबतीत आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून ठेवणे आलेच. पार्टिशनची कामे सहसा सुखरूप होतात, पण मधे बॅटरी संपली तर होत नाहीत.

सामाईक भागाला कोणती फाइल सिस्टिम द्यावी यावर मतभेद आहेत. उमेदवार तीन. फॅट३२ सगळीकडे चालते, पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाच्या चित्रीकरणाची एक फाइल किंवा लिनक्सची एखादी इन्स्टॉल-प्रतिमा आजकाल सहज ही मर्यादा ओलांडते. तेव्हा ती बाद. एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली पद्धत फ्लॅश ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी घडवलेली आहे. आकाराची ती अडचण तिच्यात नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील प्रसिद्ध केला, त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात तिचा पहिला ड्रायव्हर आला आणि २०२० मध्ये सॅमसंगने दिलेल्या चांगल्या ड्रायव्हरने त्याची जागा घेतली. मात्र एक्सफॅटमध्ये बदलांचे आगाऊ टिपण ठेवण्याची सोय नाही. लिहिणे चालू असताना मशीन अडकले आणि पॉवरचे बटन दाबून बंद करावे लागले, तर नोंदी अर्धवट राहण्याचा धोका जास्त.

तिसरी एनटीएफएस. तिच्यात ते टिपण आहे, विंडोजची ती मातृभाषाच, आणि आजच्या लिनक्सला ती लिहिता येते. लॅपटॉपच्या आतल्या, रोज वापरल्या जाणाऱ्या भागासाठी एनटीएफएस हाच योग्य पर्याय आहे. एक्सफॅट पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कसाठी राखावी, विशेषतः त्या कोणाच्या मॅकलाही जोडायच्या असतील तर. अट एकच: डिस्क तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे खरे साधन विंडोजमध्येच आहे. लिनक्समधली दुरुस्तीची साधने वरवरच्या चुका सुधारतात, पण पार्टिशन बिघडल्यासारखे वाटले तर विंडोज सुरू करून तिची चेकडिस्क चालवावी. ज्याने विंडोज कायमची काढून टाकली आहे त्याने एनटीएफएस ठेवण्यात अर्थ नाही.

आता सर्वांत जास्त लोकांना छळणारी गोष्ट. सामाईक पार्टिशन केले, त्यात फायली ठेवल्या, लिनक्स सुरू केले, आणि ड्राइव्ह उघडतो पण काहीच सेव्ह होत नाही. किंवा तो उघडायलाच नकार देतो. दोष लिनक्सचा वाटतो. कारण मात्र विंडोजमध्ये असते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने फास्ट स्टार्टअप नावाची सोय दिली. ती चालू असताना शट डाउन केले तर विंडोज पूर्ण बंद होत नाही. वापरणाऱ्याचे प्रोग्राम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर मेमरीत जसे होते तसे हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेथूनच उचलले जातात. सुरू व्हायला लागणारा वेळ वाचतो. पण त्या उतरवलेल्या मेमरीत प्रत्येक ड्राइव्हच्या नोंदींचे चित्रही असते. खतावणी उघडी टाकून, निम्मी बेरीज मनात ठेवून जेवायला गेलेल्या कारकुनासारखी विंडोजची अवस्था असते. तो परत येईपर्यंत दुसऱ्याने त्या वहीत काही लिहिले, तर आल्यावर तो आपल्या मनातल्या जुन्या आकड्यांवरूनच पुढची बेरीज मांडणार. परिणाम म्हणजे हरवलेल्या फायली, रिकामे फोल्डर, कधी अख्खे पार्टिशन न उघडणे.

लिनक्सचा ड्रायव्हर हे ओळखतो. पार्टिशन नीट बंद झालेले नाही अशी खूण दिसली की तो लिहिण्यास नकार देतो आणि फार तर वाचू देतो. हा नकार म्हणजे सुरक्षा आहे. जबरदस्तीने ती खूण पुसून लिहिण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. ते करू नयेत. खरा उपाय म्हणजे फास्ट स्टार्टअप बंद करणे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडून पॉवर बटनाने काय व्हावे या पानावर जावे, वरची निळी ओळ दाबून बदलाची परवानगी घ्यावी आणि टर्न ऑन फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढावी. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर यामुळे सुरू व्हायला फार तर काही सेकंद जास्त लागतात. ही सोय नको असूनही एखाद्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा चालू झालेली आढळते, तेव्हा लिनक्सने अचानक नकार दिला की पहिली नजर तिकडे टाकावी.

दोन बारकावे इथेच लक्षात ठेवण्यासारखे आहेत. फास्ट स्टार्टअप चालू असली तरी रीस्टार्टने विंडोज पूर्ण बंद होते. ते अर्धे मिटणे फक्त शट डाउनला लागू आहे. त्यामुळे आज चालले आणि काल चालले नाही असा गोंधळ होतो. आणि दुसरे, ही गोष्ट फक्त सी ड्राइव्हपुरती नाही. विंडोजने उघडलेले आतल्या डिस्कवरचे प्रत्येक एनटीएफएस पार्टिशन, म्हणजे आपला सामाईक भागही, त्या अर्धवट स्थितीत राहते. हीच चूक उलट बाजूनेही होऊ शकते. लिनक्स हायबरनेट करून विंडोज सुरू केली आणि सामाईक भागावर लिहिले, तर नुकसान तेच. झाकण मिटून मशीन झोपवणे हा वेगळा प्रकार. त्यात सिस्टिम बदलत नाही, म्हणून धोका नाही.

लिनक्समध्ये सामाईक भाग दर वेळी फाइल मॅनेजरमधून हाताने उघडता येतो. रोजच्या वापरासाठी तो सुरू होतानाच जोडला जावा हे बरे. उबुंटूमधल्या डिस्क्स या प्रोग्रामातून तशी निवड करता येते; ती निवड एफएसटॅब नावाच्या मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ म्हणून लिहिली जाते. त्या ओळीत पार्टिशनची ओळख त्याच्या स्थायी क्रमांकाने द्यावी, कारण डिस्कची नावे बदलू शकतात, आणि पार्टिशन न मिळाल्यास मशीन अडकून न पडता पुढे जावे असा पर्यायही द्यावा. एफएसटॅबमधली एक चुकीची ओळ लिनक्सला सुरूच होऊ देत नाही, हे अनेकांना तिथे हात घातल्यावरच कळते. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदलून त्यांना सामाईक ड्राइव्हवर नेता येते. लिनक्समध्येही याच नावाच्या फोल्डरांना त्याच जागेकडे वळवता येते. एवढे केले की कोणतीही सिस्टिम सुरू केली तरी डॉक्युमेंट्समध्ये तीच कागदपत्रे दिसतात. हा सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुखाचा भाग आहे.

फायलींच्या नावांवरून मात्र खटके उडतात, आणि मराठीत नावे देणाऱ्यांच्या वाट्याला त्यांतले काही खास येतात. लिनक्स फाइलच्या नावात तिरपी रेघ सोडून जवळपास काहीही चालवून घेते. विंडोजला मात्र विसर्गचिन्हासारखे दिसणारे कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ, दोन्ही तिरप्या रेघा आणि कंसासारखी लहान-मोठ्याची चिन्हे चालत नाहीत. लिनक्समध्ये ‘सभा १०:३०’ असे नाव दिलेली फाइल विंडोजमध्ये दिसेल, पण उघडणार नाही. गंमत अशी की खरा विसर्ग, म्हणजे ‘अंतःकरण’मधला, हे वेगळे अक्षर असल्याने विंडोजला मुळीच खटकत नाही, अडचण फक्त वेळेतल्या त्या इंग्रजी दोन टिंबांची. नावाच्या शेवटी आलेले पूर्णविरामाचे टिंबही विंडोज गाळून टाकते. म्हणून लिनक्समध्ये केलेले ‘सातारा जि.’ या नावाचे फोल्डर विंडोजला उघडता येत नाही. संक्षेपाचे टिंब नावाच्या मधे असेल तर हरकत नाही. एनटीएफएस-३जीमध्ये पार्टिशन जोडताना एक पर्याय देता येतो, ज्यामुळे विंडोजला न चालणारी नावे लिनक्सच आधी नाकारते. तो द्यावा.

इंग्रजी नावांत आणखी एक घोळ आहे. लिनक्सच्या दृष्टीने मोठ्या लिपीतले आणि लहान लिपीतले अक्षर वेगळे, त्यामुळे तिथे एकाच नावाच्या, फक्त पहिल्या अक्षराच्या रूपात फरक असलेल्या दोन फायली सुखाने नांदतात. विंडोज नेहमीच्या स्थितीत असा भेद करत नाही; दोन्ही यादीत दिसल्या तरी भलतीच उघडू शकते. देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्याने मराठी नावे या भानगडीतून सुटतात.

त्यांची परीक्षा होते ती लांबीत. एनटीएफएस नावाची लांबी अक्षरचिन्हांत मोजते, कमाल २५५. ईएक्सटी४ ती बाइटमध्ये मोजते, कमाल तीही २५५. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सारी वेगवेगळी चिन्हे धरली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द अशा दहा चिन्हांचा, म्हणजे तीस बाइटचा. म्हणून लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर मराठी नावाची मर्यादा पंच्याऐंशी चिन्हांच्या आसपास संपते. ‘ग्रामपंचायत कार्यालयाकडे सादर केलेल्या पाणीपुरवठा योजनेच्या प्रस्तावाची सुधारित अंतिम प्रत’ हे नाव वर्डच्या डॉक्स फाइलला दिले तर शेवटच्या विस्तारासह ते २५७ बाइटचे होते. विंडोजमध्ये आणि सामाईक एनटीएफएस भागावर ते आरामात बसते. तीच फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये उतरवू गेले की नाव फार लांब असल्याचा निरोप येतो आणि कॉपी होत नाही. सरकारी पत्रव्यवहाराची पूर्ण शीर्षके फाइलच्या नावात लिहिण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र हा आणखी एक बारीक काटा. तो टाइप करण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत: काही कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचे ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर रूप सारखेच दिसते. डिस्कवर मात्र ती दोन वेगळी नावे ठरतात. विंडोजमध्ये एका कीबोर्डने आणि लिनक्समध्ये दुसऱ्याने टाइप करणाऱ्याला ‘पंढरीच्या वाऱ्या’ नावाची फाइल शोधून सापडत नाही, ती समोर असूनही. दोन्हीकडे इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठेवला की हा त्रास संपतो.

फाइल उघडली तरी आतला मजकूर तसाच दिसेल याची हमी सामाईक पार्टिशन देत नाही. मंगल किंवा निर्मला हे विंडोजचे फॉन्ट लिनक्समध्ये नसतात, लोहित किंवा नोटो येतात, आणि पानांची मांडणी सरकते. मुक्ता किंवा नोटो यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट दोन्ही सिस्टिममध्ये बसवून त्यांतच लिहिले तर हा प्रश्न उरत नाही. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेल्या जुन्या फायलींचे मात्र तसे नाही. तो फॉन्ट नसेल तिथे त्या इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पसारा दाखवतात. त्या एकदा युनिकोडमध्ये बदलून घेणे हाच मार्ग.

सामाईक भागावर काय ठेवू नये हेही ठरलेले असावे. कागदपत्रे, फोटो, गाणी, व्हिडिओ, पीडीएफ यांच्यासाठी ती जागा आहे. लिनक्सचे प्रोग्राम किंवा त्यांचे सेटिंग तिथे ठेवू नये, कारण लिनक्समध्ये प्रत्येक फाइलचा मालक आणि ती चालवण्याची परवानगी यांची नोंद असते. एनटीएफएसवर ती नेहमीच्या जोडणीत धड टिकत नाही. सगळ्याच फायली सगळ्यांना उघड्या आणि चालवण्याजोग्या दिसतात. प्रोग्रामिंगचे प्रकल्प, विशेषतः ज्यांत हजारो लहान फायली आणि एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या जोडण्या असतात ते, प्रत्येक सिस्टिमच्या स्वतःच्या जागेत ठेवून गिटसारख्या साधनाने एकमेकांशी जुळवावेत. ब्राउझर किंवा ईमेलच्या प्रोग्रामचा एकच संग्रह दोन्हींना वापरायला देण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण दोन्हीकडच्या आवृत्त्या थोड्या पुढेमागे झाल्या की तो संग्रह बिघडतो.

घड्याळाचा प्रश्न किरकोळ, पण चक्रावून टाकणारा. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक घड्याळ असते. विंडोज त्यातली वेळ स्थानिक समजते, लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ समजते. भारतात फरक साडेपाच तासांचा, म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. मग फाइल कधी बदलली याच्या वेळा चुकतात आणि नवी प्रत कोणती, जुनी कोणती हे ठरवणारे प्रोग्राम भलत्याच फाइलवर भलती फाइल लिहितात. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक आज्ञा आहे. उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांत ती द्यायला हरकत घेतली जाते. भारतात तसा प्रकार नसल्याने ती निश्चिंतपणे द्यावी.

कचरापेटीही दोन असतात. विंडोजमध्ये सामाईक ड्राइव्हवरची फाइल पुसली की ती त्याच ड्राइव्हवरच्या विंडोजच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, लिनक्समध्ये पुसली की लिनक्सच्या. एकीला दुसरीची पेटी रिकामी करता येत नाही. मोठे व्हिडिओ पुसूनही जागा मोकळी झाली नाही असे वाटले तर दुसरी सिस्टिम सुरू करून तिची पेटी पाहावी.

सुरक्षेची बाजू गंभीर आहे. विंडोजचा पासवर्ड विंडोज चालू असतानाच पहारा देतो. लिनक्समधून तीच डिस्क उघडली तर कोणाचेही फोल्डर विनापासवर्ड वाचता येते. एका घरात दोघे जण एक लॅपटॉप वापरत असतील तर हे माहीत असावे. यावरचा इलाज एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती किल्लीशिवाय न वाचता येणारी करणे. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर म्हणतात, आणि नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज ११ सुरू केली की ते बरेचदा आपोआप चालू झालेले असते. मग लिनक्सला ते पार्टिशन कुलूपबंद दिसते. ४८ अंकी रिकव्हरी की दिली तर ते उघडता येते. लिनक्स बसवण्यापूर्वी ही की कागदावर लिहून ठेवावी, कारण सुरू होण्याच्या क्रमात बदल झाला की विंडोज स्वतःच ती मागू शकते आणि ती नसेल तर सी ड्राइव्ह कायमचा बंद. सामाईक भागावर बँकेची कागदपत्रे, आधारच्या प्रती अशा गोष्टी असतील तर व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामाने एक कुलूपबंद फाइल करून त्यात ठेवाव्यात. ते दोन्ही सिस्टिममध्ये चालते.

मॅकवर ही कथा थोडी वेगळी होती. इंटेल चिपच्या मॅकवर ॲपलच्या बूटकॅम्पने २००६ पासून विंडोज बसवता येत असे. मॅकला एनटीएफएस वाचता येते पण लिहिता येत नाही, म्हणून मधला दुवा एक्सफॅटचा. २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले आणि त्यांवर बूटकॅम्प नाही, तेव्हा आज तिथे दुसरी सिस्टिम चालवायची ती बहुधा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आतच एका खिडकीत.

व्हर्च्युअल मशीनचा मार्ग विंडोजवाल्यांनाही खुला आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवले तर दोन्ही सिस्टिम एकदम जाग्या असतात आणि एक सामाईक फोल्डर नेमून दिले की झाले. वर सांगितलेली पार्टिशनची, फास्ट स्टार्टअपची कटकट तिथे उद्भवत नाही, कारण डिस्कवर प्रत्यक्ष लिहिणारी सिस्टिम एकच. मात्र मेमरी दोघींत वाटली जाते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते सुसह्य, ४ जीबीवर नाही. ज्याला आठवड्यातून दोनदा थोडे लिनक्स लागते त्याने ड्युअल बूटच्या वाटेला जाऊच नये. तीच गोष्ट जुन्या, कमी मेमरीच्या मशीनवर उलटी: तिथे ड्युअल बूट आणि सामाईक एनटीएफएस भाग हीच चांगली व्यवस्था. क्लाउडमध्ये फायली ठेवूनही काम भागते, पण गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह यांचे अधिकृत लिनक्स प्रोग्राम नाहीत, ड्रॉपबॉक्सचा आहे. आणि दोन्ही सिस्टिममधले क्लाउडचे प्रोग्राम सामाईक पार्टिशनवरच्या एकाच फोल्डरला जोडू नयेत. प्रत्येक जण आपली नोंद खरी धरतो आणि फायलींच्या दुहेरी प्रती तयार होतात.

सामाईक पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. ते त्याच डिस्कवर आहे. ती जळाली किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही सिस्टिमबरोबर तेही जाते. महिन्यातून एकदा त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.